मेगावॅट सांगणं बंद करा, वर्षाचे युनिट सांगा

तारखांब:
कुठलाही वीजप्रकल्प जाहीर झाला की एकच आकडा, इतके मेगावॅट. अरे पण ती कमाल ताकद झाली, वर्षभरात वीज किती आली ते कुठे कळतं त्यातून? १०० मेगावॅट सोलर घ्या, कपॅसिटी फॅक्टर (वर्षभर पूर्ण ताकदीने चालला असता तर जेवढी वीज आली असती त्यातली प्रत्यक्षात किती आली) २० टक्के धरला तर वर्षाला साधारण साडेसतरा कोटी युनिट, आणि तेवढ्याच मेगावॅटची अणुभट्टी ९० टक्क्यांनी चालली तर जवळपास ७९ कोटी. जाहिरातीत दोन्ही सारखेच. मेगावॅट आता मिरवण्यापुरता उरलाय.

ढगाळ:
म्हणजे ८० टक्के ऊन वाया?? मग लावायचं कशाला

तारखांब:
@ढगाळ नाही हो, ती एफिशियन्सी, वेगळा विषय. आत गेलेल्या ऊर्जेतली वीज किती झाली ते. कोळशाला ३५-४० टक्के, चांगल्या कंबाइन्ड सायकल (गरम धुरावर वाफ करून पुन्हा वीज काढणाऱ्या) गॅस प्लांटला ६० च्या आसपास. मी म्हणतोय ते रात्र, ढग, मेंटेनन्स सगळं धरून वर्षाचं.

फ्यूजवायर:
अजिबात पटलं नाही. ग्रिडला वर्षाशी काय देणंघेणं, त्याला या सेकंदाला मागणीइतकी वीज हवी, कमी पडली की फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली सरकते आणि फारच घसरली तर अंडर-फ्रीक्वेन्सी रिले (आपोआप चालणारे संरक्षक स्विच) फीडर उडवतात, म्हणजे एकेका भागाची लाइनच बंद करतात, तेव्हा तुमचे वार्षिक युनिट कोणी विचारत नाही. पीकिंगचा, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाच लावायचा गॅस टर्बाइन वर्षात थोडेच तास चालतो, तुमच्या हिशोबाने तो भंगारच की!

पाणचक्की:
तारखांबशी सहमत. चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण २२,५०० मेगावॅट, ब्राझील-पॅराग्वे सीमेवरचं इताइपू १४,०००. तरी २०१६ मध्ये इताइपूने १०३ अब्ज युनिट काढले, थ्री गॉर्जेसने ९३-९४. नुसते मेगावॅट बघणारा सपशेल फसला असता.

फ्यूजवायर:
थ्री गॉर्जेस पूर अडवायलाही बांधलंय राव, पावसाळ्याआधी मुद्दाम जलाशय खाली करून ठेवतात. इताइपूच्या वर पराना नदीवर ढीगभर धरणं आहेत, त्यामुळे पाणी वर्षभर सारखं येतं. युनिटच्या आकड्यात हे दिसतं का कुठे?

चार्जर:
बॅटरीवाले दोन्ही आकडे देतातच की. ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेल, २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा ताकद १०० मेगावॅट आणि साठा १२९ मेगावॅट-तास. फुल जोरात सोडली असती तर सव्वा तासात खलास. एक आकडा लपवला तर दुसऱ्याला अर्थच नाही.

तारखांब:
@फ्यूजवायर बरं, तुमच्याच नियमाने बोलू. सूर्य मावळल्यावरच्या पीकला (सर्वाधिक मागणीला) सोलरचे मेगावॅट शून्य. मग जाहीर करताना १०० का लिहायचे? पीकला हमखास किती मिळणार तेवढेच लिहा.

फ्यूजवायर:
तो आकडा स्थिर नसतो हो. ग्रिडवर सोलर थोडं असताना दुपारच्या पीकला ते बऱ्यापैकी उपयोगी पडतं, जसं वाढत जातं तसा सोलर वजा करून उरलेल्या मागणीचा पीक संध्याकाळकडे सरकतो आणि पुढच्या प्रत्येक पॅनलची पत कमी होते. तोच प्लांट, आज एक आकडा, दहा वर्षांनी दुसरा. कुठला छापायचा बोला.