मदत हवी आहे : मणका मोडलेल्या रेसर मित्रासाठी निधी कसा गोळा करावा?

जुळे सोलापुरातला आमचा मित्र बाइक रेसर. सरावात पडून डी-12 (पाठीतला, बरगड्यांच्या ओळीतला शेवटचा) मणका मोडला. ऑपरेशन झालंय, पण कमरेखाली संवेदना नाही. दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. आई आणि भाऊ रात्री आळीपाळीने जागतात. रेसिंगचा अपघात म्हणून विमा नाकारला. एअर बेड मिळाला, दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज केलाय. आता मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत न्यायचंय.

गॅरेजवाले, रायडर, गल्लीतलं गणेश मंडळ सगळे पैसे द्यायला तयार आहेत. पण रोख कुणाच्या हातात नको, असं घरचे म्हणतात, आणि ते योग्यच आहे. मंडळ नोंदणीकृत आहे. त्याच्या खात्यावर एकाच रुग्णासाठी निधी घेता येतो का, की धर्मादाय कार्यालयाची वेगळी परवानगी लागते? सोलापुरात कुणी असं केलंय का?