मदत हवी आहे : कॉलऱ्याचं विष जिवाणूच्या बाहेर येतं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. भाची बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे, पुस्तकं इंग्रजी, शिकवणं अर्धं हिंदीत, आणि घरी शंका विचारते मला मराठीत! ग्रुपवर कुणी या विषयातलं असेल तर मदत करा.

कॉलऱ्याच्या विषाचं काम तिला नीट समजलंय. १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून ते दाखवलं, हेही ती सांगते. विषाचे पाच ‘बी’ भाग आतड्याच्या पेशीला चिकटतात, ‘ए’ भाग आत शिरून सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू) वाढवतो. मग क्लोराइड बाहेर, त्यामागे पाणी. पेशी मरत नाही, पण रोगी तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. भयंकरच आहे.

गाडी अडते ती त्याआधी. हे विष जिवाणूच्या दोन आवरणांमधल्या जागेत घडी घालून पूर्ण तयार होतं आणि मग तसंच बाहेर पडतं म्हणे (ही जिवाणूची प्रथिनं बाहेर टाकायची ‘टाइप टू’ यंत्रणा). शिगेला (आव-हगवण करणारा जिवाणू) मात्र सुईसारख्या नळीतून प्रथिनं थेट आपल्या पेशीत टोचतो (टाइप थ्री), आणि ती घडी उलगडूनच जातात.

तर एवढं मोठं, घडी घातलेलं विष बाहेरच्या आवरणातून जातं तरी कसं? आवरण फाटत कसं नाही? आणि पेशीला टेकलोय हे शिगेलाच्या सुईला कळतं कशावरून? एखादी आकृती हाताने काढून फोटो टाकलात तरी चालेल. पुढच्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा आहे.