मदत हवी आहे: रिख्टरच्या शुबर्ट सोनाटाची ही लाइव्ह कॅसेट कुठल्या मैफलीची?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. मामांच्या खोक्यात, केसरबाई आणि मन्सूरांच्या कॅसेटांमध्ये, एक नव्वद मिनिटांची कॅसेट सापडली. कार्डावर मामांच्या अक्षरात एवढंच: 'रिख्टर, शुबर्ट, लाइव्ह'. म्हणजे रशियन पियानोवादक रिख्टर आणि ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्ट. मामा आता नाहीत, त्यामुळे तारीख आणि गाव विचारणार कुणाला?

सोनाटा (पियानोवरची अनेक भागांची रचना) ओळखला: शुबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजर, त्याच्या रचनांच्या सूचीत डी ९६०, १८२८ सालचा. पियानोवादक ब्रेंडेल पहिल्या भागातली पुनरावृत्ती गाळायचा, रिख्टर ती घेतो आणि लयही अशी धरतो की एकटा पहिला भागच चोवीस मिनिटांच्या आसपास जातो. आम्ही जयपूर घराण्याच्या मध्यलयीत वाढलेली माणसं, पण इथे मला किराण्याची अतिविलंबित लय आठवते. आठव्या मापात (तालाच्या खंडात) खाली खर्जात एक ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची जलद थरथर, गुरगुरते आणि मग सगळं थांबतं. त्या शांततेत सभागृहात कुणीतरी दोनदा खोकतं. ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकते.

अडचण अशी की पूर्ण सोनाटा पंचेचाळीस मिनिटांत मावत नाही, म्हणून शेवटचा भाग मध्येच तुटतो. तो मला पूर्ण ऐकायचाच आहे, आणि याच मैफलीतला. १९५७ ची मॉस्कोची आणि १९६४ ची इंग्लंडमधल्या ऑल्डबरोची अशा दोन मैफली माहीत आहेत. माझी यातलीच एखादी असेल का? पहिल्या भागाची वेळ दोन्हींशी जुळत नाही.

---

ताई, वेळेवर जाऊ नका. आधी पेटी काढा. सोनाटा काळी पाचचा आहे, बी फ्लॅट म्हणजे पेटीची काळी पाच. कॅसेटचा सूर काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे लागत असेल तर टेप साधारण तीन टक्के जोरात पळतेय, म्हणजे चोवीस मिनिटांतली चाळीसेक सेकंदं तिथेच गेली. कॅसेट प्लेअरमध्ये हे फार होतं.

खोकला मात्र टेपच्या वेगाने बदलत नाही. ट्रिलनंतरचे ते दोन खोकले दोन्ही मैफलींत त्याच जागी शोधा. जुळले की प्रश्न मिटला. सीडीच्या कव्हरवरच्या तारखेपेक्षा माझा यावर जास्त भरवसा, कारण रिख्टरच्या लाइव्ह ध्वनिमुद्रणांवर चुकीच्या तारखा छापलेल्या आढळतात. १९७२ ची साल्झबर्गची प्रत स्टुडिओतली आहे, ती आधीच बाजूला ठेवा.

आणि कॅसेट आता सारखी वाजवू नका. हेड स्पिरिटने पुसा, एकदाच सलग संगणकावर उतरवून घ्या, सूर तिथेच खाली आणता येतो. ती सुरुवातीची दोन मिनिटं इथे टाकलीत तर मीही माझ्याकडच्या ऑल्डबरोशी लावून बघतो.

---

पेटीवर लावून पाहिलं. खरंच, काळी पाचच्या बरीच वर आहे! उद्या उतरवून सुरुवात इथे टाकते. मॉस्कोची मैफल कुणाकडे असेल तर त्यांनीही तेवढी खोकल्याची जागा तपासा, प्लीज.