हॅरी फ्रीसच्या पोस्टकार्डांतली मांजरं खरंच जिवंत होती का? आणि १/५ सेकंदात ती स्थिर कशी राहिली?

काचेची_प्लेट:
अमेरिकन फोटोग्राफर हॅरी व्हिटियर फ्रीस (१८७९–१९५३) याच्या कार्डांवर एक माहितीफलक लिहायचा आहे. झगे, टोप्या घातलेली मांजराची पिल्लं धुणं वाळत घालतात, स्वयंपाक करतात, ती कार्डं. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे प्राणी पेंढा भरलेले आहेत ना? शटर १/५ सेकंद उघडं असायचं असं वाचलं. दोन महिन्यांचं पिल्लू तेवढा वेळ मागच्या पायांवर उभं राहील हे पटत नाही. फोटोतच पाहून ठरवता येईल असा काही पुरावा आहे का? आणि कार्डाचा काळ कसा ओळखायचा?

उंबरठा:
प्राणी जिवंत होते. पेंढ्याचा संशय येतो तो बहुतेक वॉल्टर पॉटरमुळे. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या ब्रॅम्बर गावात त्याचं संग्रहालय होतं आणि १८९० च्या सुमारास त्याने मांजराच्या पिल्लांचं लग्न मांडलं होतं. तिथली पिल्लं खरोखर पेंढा भरलेली. पॉटर १९१८ मध्ये वारला. विषय जवळचा, काळही जवळचा, म्हणून दोघांची नावं एकमेकांत मिसळतात. फलकावर हा फरक अवश्य लिहा, फ्रीसवर होणारा हा मोठा अन्याय आहे.

फ्रीसचा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगचा. १९०६ मध्ये घरच्या एका वाढदिवसाला कागदी टोपी टेबलाभोवती फिरत होती, ती मांजराच्या डोक्यावर गेली आणि त्याने फोटो काढला. पोस्टकार्डवाल्या प्रकाशकाने तो घेतला आणि आणखी मागितले. न्यूयॉर्कच्या रोटोग्राफ कंपनीने त्याची कार्डं काढली. पुढे मासिकं, कॅलेंडरं आणि मुलांची पुस्तकं आली. कपडे आई आणि घरकाम सांभाळणाऱ्या बाई शिवायच्या. पिल्लं शेजाऱ्यांकडून, पाळणाऱ्यांकडून, दुकानांतून तात्पुरती आणली जायची. लग्न केलं नाही, आईवडिलांना अखेरपर्यंत सांभाळलं, नंतर फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला गेला आणि तिथेच वारला.

तुमच्या फलकासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे १९१५ च्या ‘द लिटल फोक्स ऑफ ॲनिमल लँड’ची त्याची प्रस्तावना. कामाचं वय सहा ते दहा आठवडे, असं तो सांगतो. ससा कपड्यात फोटो काढायला सगळ्यात सोपा, पण त्याला माणसाच्या फार भूमिका देता येत नाहीत. कुत्र्याचं पिल्लू समजून घेतलं तर ऐकतं. सगळ्यांत जास्त भूमिका मांजराच्या पिल्लाला जमतात. डुक्कर सगळ्यात अवघड. आणि खरी मेख पुढे आहे: मांजराचं पिल्लू डोळ्यांनी धरून ठेवायचं, कुत्र्याचं कानांनी. मांजरासमोर काहीतरी हलवलं की नजर खिळते. कुत्र्याला आवाज द्यायचा, पण दुसऱ्या आवाजाने ते तेवढ्याच चटकन विचलित होतं. पेंढा भरलेल्या प्राण्यांवर काम करणाऱ्याला हे कळायचं कारणच नाही.

अंधारखोली:
उंबरठा यांच्याशी सहमत. आता १/५ सेकंदाकडे वळू.

समजा ५×७ इंची काच (फिल्मच्या जागी तेव्हा वापरायची ती निगेटिव्ह), २१० मिमीचं भिंग आणि दीड मीटरवर पिल्लू. काचेवरची प्रतिमा मूळ आकाराच्या साधारण एक षष्ठांश येते. पिल्लाने शेपटी सेकंदाला ५ सेंमी वेगाने हलवली तर १/५ सेकंदात ती १ सेंमी सरकते, म्हणजे काचेवर दीड मिलिमीटरहून जास्त फराटा. एवढ्या हालचालीने काच बाद. भिंगाचं छिद्र एफ/८ या मापावर ठेवलं तर पुढून मागे नीट ठळक येणारी खोली जेमतेम ७ सेंमी. नाक ठळक आणि कान धूसर, हा दोष तिथूनच येतो. छिद्र लहान करून खोली वाढवावी तर वेळ वाढतो आणि शेपटी पुन्हा आडवी येते. म्हणून या चित्रांत पिल्लं आणि सामान जवळजवळ एकाच प्रतलात, एका ओळीत मांडलेलं दिसतं. त्यामागे रचनेच्या आवडीइतकीच भिंगाची सक्ती आहे.

उभं राहण्याचं कोडं कपड्यात सुटतं. कापड कडक, टाचण्यांनी जागच्या जागी बसवलेलं. लांब घेराच्या झग्यात पिल्लू प्रत्यक्षात मागच्या पायांवर बसलेलं असतं आणि घेर शंकूसारखा त्याच्या पोटाला आधार देतो. बघणाऱ्याला ते उभं वाटतं. किती चित्रांत मागचे पंजे दिसतात ते मोजा, उत्तर मिळेल. पुढचे पाय बहुधा कशावर तरी टेकलेले असतात: दोरी, टेबलाची कड, ढकलगाडीचा दांडा. तोल तिथे सांभाळला जातो, म्हणून सामानाची उंची पिल्लाच्या छातीशी जुळवावी लागते. एक सेंमी जास्त झाली तर पिल्लू मागे कलंडतं, कमी झाली तर वाकून डोकं खाली घालतं आणि टोपीखाली डोळे जातात.

बाकीचं काम नकारातून झालं. १९३७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याच्यावर लेख आला, त्यानुसार दोन तृतीयांश निगेटिव्ह फेकून द्यावी लागत आणि हे काम इतकं थकवणारं होतं की वर्षातले तीनेक महिनेच तो ते करायचा. मला त्याच्या कामातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. पिल्लांना शिकवलं नव्हतं हे तो स्वतः सांगतो, मग हाती राहतं ते एवढंच: मांडणी तयार ठेवायची, क्षणाची वाट पाहायची, बिघडलेली काच बाजूला ठेवून पुढची भरायची.

काचेची_प्लेट:
खूप आभार. दोन उपप्रश्न. काळं किंवा तांबूस पिल्लू कमी का दिसतं? आणि मुलांच्या कार्यशाळेत असा एखादा फोटो आज काढून दाखवायचा असेल तर?

अंधारखोली:
त्या काळच्या काचा निळ्या उजेडाला जास्त आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. तांबूस पिल्लू छापल्यावर गडद होतं आणि अंगावरचे पट्टे बुजतात. काळ्या पिल्लाला पुरेसा उजेड द्यावा तर पांढऱ्या झग्यातले बारकावे पुसले जातात, झगा सांभाळावा तर पिल्लाच्या जागी नुसता ठिपका उरतो. पांढरं, राखाडी किंवा फिकट पट्ट्यांचं पिल्लू सोयीचं.

आज करायचं असेल तर पिल्लाला स्थिर करायची गरजच नाही. जुन्या काचेचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, आयएसओ २५ धरा. त्याच उजेडात, त्याच एफ/८ ला आयएसओ ३२०० ठेवलं की १/५ चं १/६४० सेकंद होतं. मोठ्या खिडकीजवळ हे सहज जमतं. झगा पाठीमागून पूर्ण उघडा आणि सैल बंदाचा हवा. टाचणी, तार, दोरा काहीही नको. पिल्लू मागे सरकायला किंवा ओरडायला लागलं की कपडा लगेच काढायचा, दुसरा प्रयत्न त्या दिवशी नाही. झगा अंगावर पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि खोली उबदार ठेवा, या वयात ती लवकर गारठतात. मुलांना कॅमेऱ्यामागे बसवा. पिल्लाभोवती दहा जणांचा घोळका झाला तर नजर कुठेच टिकत नाही.

टपालखूण:
जिवंतपणाचा पुरावा कार्डातच असतो. एकाच मालिकेतली दोन-तीन कार्डं शेजारी ठेवून दहापट भिंगाने पाहा. कानांची दिशा बदललेली असते, मिशा आणि शेपटीचं टोक किंचित पुसट असतं, डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार उजेडाप्रमाणे कमीजास्त असतो. पेंढा भरलेल्या प्राण्याच्या काचेच्या डोळ्यांत बाहुली कायम तेवढीच.

त्याच भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं कार्ड. छटा सलग उतरत गेल्या असतील तर फोटो-कागदावरची प्रत. मग पाठ पाहा. अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा १ मार्च १९०७ पासून मिळाली. पाठीवर मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी मधली उभी रेघ नसेल तर कार्ड त्याआधी छापलेलं असण्याची शक्यता जास्त, पण जुना साठा नंतरही विकला जाई, म्हणून टपालाचा शिक्का असेल तर तोही टिपा. शिक्का वापराची तारीख सांगतो, फोटोची नाही. रोटोग्राफ १९११ मध्ये बंद पडली, त्यामुळे तिचं नाव असलेलं कार्ड त्या वर्षाच्या अलीकडचं नाही.

फ्रीस या धंद्यातला पहिला नव्हे, हे फलकावर यावं. इंग्लंडच्या ब्रायटनमध्ये हॅरी पॉइंटरने (१८२२–१८८९) १८७० च्या दशकात मांजरांची कार्डं विकायला सुरुवात केली. आधी दूध पिणारी, टोपलीत झोपलेली साधी मांजरं, मग चहा पिणारी, तीनचाकीवर बसलेली, खाली शुभेच्छेची ओळ लिहिलेली. ती कार्डं साधारण ६४×१०० मिमीची, पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पातळ अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या) कागदाची. त्यावेळी ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचं आणि ती ओली असेपर्यंत, म्हणजे पंधराएक मिनिटांच्या आत, फोटो काढून धुवायची. मांजर बसायच्या आधीच काच वाळू लागली की सगळं पहिल्यापासून. कोरड्या जिलेटिनच्या काचा १८८० च्या सुमारास सर्रास मिळू लागल्या. फ्रीसला त्या तयार भरलेल्या मिळत होत्या, त्यामुळे त्याचा वेळ काचेवर न जाता पिल्लावर जाऊ शकला. संग्रहात पिवळसर, पुठ्ठ्याची, मागे टपालाच्या रेघा नसलेली मांजरं असतील तर ती पॉइंटरच्या पिढीची. फ्रीसच्या ढिगातून वेगळी काढून ठेवा.