मदत हवी आहे : नोव्हेंबरचा जन्म, पहिलीत घालावं की एक वर्ष थांबावं?

मुलीचा जन्म नोव्हेंबर २०२० चा. सध्या नाशिकला सिनियर केजीत आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असल्याने जून २०२६ ला तिला पहिलीत प्रवेश मिळतो. अडचण अशी की नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारची, आणि २०२७ मध्ये महाराष्ट्राबाहेर बदली जवळपास नक्की आहे. केंद्रीय विद्यालयात वय ३१ मार्चला मोजतात. त्या हिशोबाने ती २०२७ मध्ये पहिलीतच बसते, दुसरीत नाही.

सध्याच्या शाळेत विचारलं. त्यांचं म्हणणं, दाखला देऊ, पुढचं तिथली शाळा ठरवेल. इथेच केंद्रीय विद्यालयाच्या बालवाटिकेत (पहिलीच्या आधीच्या वर्गात) घालायचाही विचार केला, पण जवळच्या विद्यालयात बालवाटिकाच नाही. तिला वाचायची फार गोडी आहे, म्हणून केजीचं वर्ष पुन्हा करायला लावणं जिवावर येतं. धाकटा दोन वर्षांचा असल्याने मी इथे मागे राहणं शक्य नाही.

पहिली पूर्ण झाल्याचा दाखला असताना, वय कमी म्हणून केंद्रीय विद्यालयाने दुसरीत प्रवेश नाकारल्याचा किंवा दिल्याचा अनुभव कुणाला आहे का? आणि पहिली दोनदा करावी लागलेली मुलं त्या वर्षी शाळेत रमली का?