बंधारा सगळ्यात शेवटी

'पुणे जिल्ह्यात मृद व जलसंधारण खातं म्हणजे बंधारे बांधणारं खातं' असं बरेचदा ऐकू येतं, ते मला पटत नाही. बंधारा हा शेवटचा टप्पा. माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) आणि झाडोरा, उतारावर दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर बंधारा; 'माथा ते पायथा' म्हणतात ते हेच. क्रम उलटा केला की दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरतो.

पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. खाली बेसॉल्ट, म्हणजे कठीण काळा खडक. पाणी मुरतं ते भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून, त्यामुळे ओढा रुंद-खोल केला की पाणी मुरेलच असं नाही. जागा निवडायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला हवाच, तिचं मुख्यालय तर पुण्यातच आहे.

जबाबदारीही वाटलेली आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेकडे, त्यापुढची ६०० हेक्टरपर्यंतची राज्याच्या खात्याकडे. तक्रार करण्याआधी काम कोणाचं ते बघा, नाहीतर अर्ज टेबलं फिरत बसतो.

माझा खरा आक्षेप देखभालीबद्दल आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, पाऊस ओसरता ओसरता बसवाव्या लागतात. त्या उशिरा बसल्या की पाणी वाहून गेलेलं असतं आणि कागदावर बंधारा मात्र उभा! नव्या कामांपेक्षा जुन्यांच्या दुरुस्तीला आधी पैसे द्या, हा ठराव ग्रामसभेत आणता येतो.