बागायतदाराने फोन स्वतः शिकावा, की जाणता माणूस ठेवावा?

आढीवरचा:
देवगड तालुक्यात आंब्याची 180 कलमं आहेत. वय 59. फोनवरची कामं निघाली की दहा वर्षं माझं एकच उत्तर असायचं, ‘ता माजा काम न्हय.’ हे उत्तर मला महागात पडलं, म्हणून लिहितोय. ज्यांचं मत उलट असेल त्यांनीही लिहा.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा फळ झाडावर तयार होत होतं आणि वाशीचं घाऊक मार्केट आज चालू, उद्या बंद. भाचा मुंबईहून घरी येऊन बसला होता. त्याने बागेत उभं राहून चार फोटो काढले, पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकले आणि आठ दिवसांत अख्खा टेम्पो भरला. आंबा घराबाहेर पडण्याआधी भाव कळायची ती आयुष्यातली पहिली वेळ. एरवी पेटी जाते, मग काही दिवसांनी दलालाची हिशोबाची पट्टी येते. हमाली वजा, भाडं वजा, उरेल ते आपलं.

पुढचे दोन हंगाम सगळं भाच्याने सांभाळलं. नंबर त्याचा, पेज त्याचं, पैसेही आधी त्याच्या खात्यात. मी खूश. 2023 च्या जानेवारीत त्याला बंगळूरला नोकरी लागली. नवीन फोन, नवीन नंबर. जुनं सिम बंद पडलं. तीनशेच्या वर गिऱ्हाइकांची नावं गेली. एप्रिलमध्ये आढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरांत, आंबा पिकत होता आणि मी हातात फोन धरून बसलो होतो, ज्यात एकाही गिऱ्हाइकाचा नंबर नव्हता. त्या वर्षी सगळा माल वाशीला गेला. भाच्याला काय बोलणार? त्याने फुकट केलं होतं.

मग सूनबाईकडून शिकलो. इतकी वर्षं का टाळलं? डोळे, वेळ, रेंज अशी कारणं मी सांगायचो. खरं कारण लाज. आढीचा वास घेऊन उद्या कुठला थर काढायचा ते मी सांगतो, आणि तोच माणूस फोन कुर्ली (खेकडा) पकडल्यासारखा दोन बोटांत धरतो, तेही ज्या पोरांना मी कलम बांधायला शिकवलं त्यांच्यासमोर. त्यात तोडणीच्या दिवसांत चिकाने बोटं सोलवटलेली असतात. फोन अंगठा ओळखत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, याला पण माहीत आहे आपण अडाणी ते.

माझं मत असं: जाहिरात, व्हिडिओ वगैरे दुसऱ्याने केलं तरी चालेल. पण गिऱ्हाइकांची यादी, पैसे आले की नाही ते बघणं आणि गिऱ्हाइकाला उत्तर देणं, एवढं बागायतदाराच्या स्वतःच्या हातात पाहिजे.

निवांत_रत्नागिरीकर:
काका, राग मानू नका, पण तुमची गोष्ट तुमच्याच मताविरुद्ध जाते. चूक न शिकण्याची नव्हती, फुकटात काम करून घेण्याची होती. फवारणीचा पंप बिघडला तर मी मेकॅनिक बोलावतो, पंप उघडायला शिकत नाही. ऑनलाइनचंही तसंच. आम्ही तीन वर्षांपूर्वी एका संस्थेला काम देऊन टाकलं. हंगामाला ठरलेली रक्कम घेतात, पेज बघतात, ऑर्डर पाठवतात. मी पेज एकदाही उघडून बघितलेलं नाही आणि माझं काही अडलेलं नाही. मोहरावर तुडतुड्याची कीड आलीय का ते बघायचं सोडून या वयात मी फोनमध्ये डोकं घालू?

नवा_गडी:
मी पाच बागायतदारांची पेजं चालवतो, वय 24. निवांत काकांशी निम्मा सहमत. खरं सांगायचं तर अर्धवट शिकलेले मालक जास्त त्रास देतात. एकांनी रात्री अकराला स्वतःच पैसे भरून जाहिरात ‘बूस्ट’ केली, ठिकाण भारत ठेवलं. पैसे संपले, चौकशा आल्या बिहारमधून आणि तेही रोपं आहेत का म्हणून! दुसरे काका प्रत्येक कॉमेंटला फक्त हात जोडलेलं चित्र टाकतात. भाव विचारला तरी नमस्कार.

शिका, पण काय आपलं आणि काय आमचं ते ठरवून शिका.

आढीवरचा:
नमस्कारवाला मीच नाही ना? 😀

अहो निवांत, पंपाचं उदाहरण मलाही सुचलं होतं. पण पंप उघडता येत नसला तरी तो नीट मारतोय की नाही हे तुम्हाला पानाकडे बघून कळतं. फोनमध्ये ते कळत नाही, कारण तिथे कसं बघायचं तेच माहीत नसतं.

माझंच ऐका. 2024 ला नवा नंबर घेतला, जुन्या कुरिअरच्या पावत्यांवरून 140 गिऱ्हाइकं परत जमवली, व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) केली आणि झोकात मेसेज सोडला, ‘पहिली तोड सुरू.’ दोन दिवसांत तीन उत्तरं. मला वाटलं लोक विसरले. सूनबाई म्हणाली, बाबा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच हा मेसेज जातो. बाकीच्यांना पोचलाच नव्हता! मग एकेकाला फोन केला, नाव सांगितलं, ‘नंबर तेवढा सेव्ह करा’ म्हटलं. पुढच्या खेपेला साठाच्या वर उत्तरं आली. हे पगारी माणसाच्या हातात असतं, तर ‘यंदा मागणी नाही काका’ एवढं एक वाक्य माझ्यापर्यंत आलं असतं आणि मी ते खरं मानलं असतं.

सातबारा:
तुम्ही सगळे फोनबद्दल बोलताय. मला मुद्दाच चुकीचा वाटतो.

आमच्याकडचा बागायतदार फोन येत नाही म्हणून दलालाकडे जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फवारणी, राखण, मजुरीला पैसे लागतात आणि तेव्हा उचल, म्हणजे मालावर आगाऊ पैसे, तोच देतो. उचल घेतली की माल त्यालाच. 2016 ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, कुठेही विका म्हणाले. चांगलं झालं. पण नियमन उठलं तरी उचल उठली का? ॲप शिकवणारे शिबिरात येऊन ‘मानसिकता बदला’ म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मानसिकता ठीक आहे आमची. फवारणीची औषधं उधार मिळत नाहीत.

आणि थेट विक्रीत काय काय अंगावर येतं तेही सांगा की. खोका आपला, कुरिअर आपलं, कापल्यावर साका (आतला खराब गर) निघाला तर पैसे परत आपण करायचे. वाशीला पाठवलेल्या पेटीत साका निघाला म्हणून मला कुणी रात्री दहाला फोन केलेला नाही.

उन्हाळी_पेठकर:
रात्री दहाला फोन करणारा मी! पुण्यात बसून दरवर्षी थेट मागवतो. साका बाहेरून दिसत नाही हे मला माहीत आहे, पाच-सहा फळं गेली तर मी काही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी एका बागेतून दोन पेट्या मागवल्या, एक हिरवीकच्च आली, विचारलं तर चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी ‘डिअर कस्टमर’ असा इंग्रजी मेसेज. दुसऱ्या बागेतले आजोबा बोलून मेसेज पाठवतात: ‘आणखी तीन दिवस पेंढ्यात ठेवा, फ्रीजमध्ये ठेवलात तर माझी शपथ आहे.’ सांगा, यंदा मी कुणाकडून घेणार?

गिऱ्हाईक म्हणून एवढंच, मला चकचकीत पेज नको आहे. ज्याने आंबा पिकवला तो माणूस पलीकडे हवा.

वाडीवरचा:
तुमचा सगळा बरोबर आसा, पण रेंजचा काय? आमच्या वाडीत पयल्या पावसात टॉवर जाता तो चतुर्थीक येता. ऑर्डर बघूक माका घाटीवर चढाक लागता. थय वाऱ्यार उभो रवान मी गिऱ्हायकाक ‘हॅलो, हॅलो’ करतंय आणि गुरां माझ्याकडे बघतत.

मेतकूट_ताई:
आंबा नाही, पण धंदा तसाच. चिपळूणला घरी मेतकूट, मसाला, आंबोशी करते. सातबारा दादा, उचलीचं तुमचं शंभर टक्के खरं. पण थोड्या मालावरून सुरुवात होते. मी दहा डब्यांवरून केली. मी केली तेव्हा अन्नपदार्थांची मूळ नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होत होती, वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत तीच चालायची. छोट्या धंद्यांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी तर फुकट आहे. हे दोन्ही मी स्वतः फोनवर केलं, आणि ते झाल्यावर कळलं की याच कामाला एक जण माझ्याकडून अडीच हजार मागत होता.

पण मला भीतीबद्दल बोलायचंय. बायकांच्या बाबतीत लाजेपेक्षा भीती मोठी. ‘काहीतरी दाबशील आणि खातं रिकामं होईल,’ हे घरातलेच बोलतात. माझ्याकडे एकाने खरंच प्रयत्न केला. म्हणाला, लष्करात आहे, पन्नास डबे हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मला तेव्हा एकच गोष्ट पक्की माहीत होती. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. ठेवला फोन. दुसऱ्याने पैसे भरल्याचा फोटो पाठवला, तोही खोटा. आता फोटो मी बघतच नाही, बँकेत जमा दिसल्याशिवाय डबा हलत नाही. फसलाच कुणी तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा, ‘लोक काय म्हणतील’ करत रात्र घालवू नका.

निवांत दादा, हे काम मी दुसऱ्यावर सोपवलं असतं तर तो पिन कुणी टाकला असता?

निवांत_रत्नागिरीकर:
ताई, पैसे माझ्या खात्यावरच येतात हो, तेवढा मी बावळट नाही. 😀 पण हंगाम किती? मार्च ते मे. तीन महिन्यांसाठी शिकायचं आणि जूनमध्ये विसरायचं.

आढीवरचा:
विसरतोच! मीही विसरतो. त्यासाठी शाळेची शंभरपानी वही केली आहे. ‘तीन ठिपके – लेबल – पैसे बाकी’ असं माझ्या भाषेत लिहिलंय. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले. पूर्वी हे मी पेटीच्या पुठ्ठ्यावर खडूने करायचो, तेच आहे. कुणीतरी आधी असं सांगितलं असतं तर दहा वर्षं वाया गेली नसती. शिबिरात पहिल्या तासाला ‘डिजिटल मार्केटिंग म्हणजे काय’ सुरू झालं आणि मी चहाला जो बाहेर पडलो तो घरीच आलो.

टायपिंग अजून जमत नाही. कीबोर्डवरचा माईक दाबून बोलतो. मालवणीत बोललो की भलतंच उमटतं, म्हणून त्याच्यापुरता पुणेकर होतो.

नव्या गड्या, तुझं ‘ठरवून शिका’ पटलं. आता भाचा बंगळूरहून परत मदत करतो. फरक एवढाच की नंबर माझ्या सिमवर, माझ्या फोनमध्ये, आणि त्याचा संगणक ‘लिंक्ड डिव्हाइस’ म्हणून जोडलाय. असे चार जोडता येतात. त्याने उद्या काम सोडलं तरी यादी माझ्याकडे राहते. आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला की तोडतो, झाडावर पूर्ण पिकायची वाट बघत नाही. माझं फोनचं ज्ञान बारा आण्यांवर असेल. चाललंय.

सातबारा:
आणि उचल? त्याचं उत्तर नाही दिलंत.

आढीवरचा:
नाही दिलं, कारण पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. अर्धा माल माझाही अजून वाशीलाच जातो, आणि उचल घेतलेली असते तेव्हा तोंड वर करून भाव विचारता येत नाही, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. यंदा जुन्या चाळीस गिऱ्हाइकांनी डिसेंबरात अर्धे पैसे आगाऊ दिले. पहिल्या दोन फवारण्या त्यातून निघाल्या. पण ती चाळीस माणसं माझा आवाज ओळखतात म्हणून देतात. नव्या माणसाला पहिल्या वर्षी कुणी देणार नाही. तिथे तुमचं म्हणणं खरं.

सातबारा:
एवढं कबूल केलंत, बरं वाटलं. चाळीस म्हणजे अगदीच वाईट नाही. त्यांना सांगताना काय शब्द वापरलेत? नुसतं ‘आगाऊ द्या’ म्हटलं तर माझ्याच गावचे लोक पळतील.

आढीवरचा:
झाडाचा फोटो पाठवला. ‘या कलमावरच्या पेट्या तुमच्या नावाने राखतो, भाव आत्ताच ठरवू.’ मोहर आला तेव्हा पुन्हा त्याच झाडाचा फोटो. थ्रिप्स किडीने थोडा मोहर गेला, तोही दाखवला. सूनबाई नको म्हणत होती.

उन्हाळी_पेठकर:
जाता जाता: थेट घ्यायला लोक कचरतात त्याला अस्सल-नक्कल हेही कारण आहे. हापूसला 2018 ला भौगोलिक मानांकन (त्या भागातल्या मालालाच ते नाव) मिळालं, तरी परराज्यातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यातून विकला जातोच. मागवताना आम्ही आधी फोटो नीट बघतो.

निवांत_रत्नागिरीकर:
या सगळ्या चर्चेने काल रात्री डोक्यात किडा वळवळला. बायकोच्या फोनवर आमचं पेज उघडून बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. वर मोठ्या अक्षरात ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ आणि खाली फोटोतल्या आंब्याला चोच आहे. चोच! तोतापुरी लावलाय मेल्यांनी.

आढीवरचा:
फोटोचं नंतर बघा. त्याखाली ऑर्डरसाठी नंबर कुणाचा दिलाय?